‘मरून राहिली’चा अर्थ

प्राध्यापक मनोहरराव ढोबळे यांचा एक नियम होता आणि तो ते एम.ए.च्या प्रत्येक वर्गाला ऐकवत: ज्या कवीवर लिहायचं, त्याला आधी भेटायचं नाही. कवीच्या घरचा चहा घेतला की लेखणी नरम पडते. कवी कुठे राहतो, काय खातो, त्याच्या घरी कोण आजारी आहे, याच्याशी समीक्षकाला काय करायचं? पानावर जे आहे ते आहे. बाकी सगळ्या नसत्या उठाठेवी.

नियम वाईट नव्हता. नागपुरात निम्मी परीक्षणं ओळखीपाळखीवर लिहिली जात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ढोबळे सरांचं परीक्षण तसलं नसतं हेही ठाऊक होतं. म्हणून तर लोक त्यांना वचकून असत. फक्त एवढंच, की कवीच्या घरी न जाण्याचा नियम पाळता पाळता माणसाला कुणाच्याच घरी न जाण्याची सवय लागते, आणि ती लागलेली त्याला कळत नाही.

दुसरी गोष्ट त्यांच्या मराठीची. ते ऐकून कुणी म्हटलं नसतं की हा माणूस काटोलकडच्या एका खेड्यात, संत्र्याच्या बगिच्यात वाढला आहे. पुण्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात खाणावळीत कुणी हाक मारली म्हणून ते म्हणाले, “मी जेवण करून राहिलो.” “करून कुठे राहिलात?” एकानं विचारलं आणि अख्खं टेबल हसलं. पुढे दोन वर्षं त्यांना ‘राहिलो’ याच नावानं हाक मारत. तिथून परतले ते जीभ घासूनपुसून. ‘मले’ गेलं, ‘काहून’ गेलं, ‘करून राहिलो’ तर असं गेलं की कानावर पडलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. त्यांची बायको प्रेमिला सावनेरची. तिनं मात्र जीभ होती तशीच ठेवली होती. नागपुरात महाल भागातल्या त्यांच्या भाड्याच्या घरात रोज एकदा तरी “येऊन राहिले नाही, येत आहेत,” असा धडा होई, आणि प्रेमिला “बरं बाई” म्हणून पुन्हा तेच बोले.

त्या वर्षी रेडिओवाल्यांनी त्यांना विचारलं, एखाद्या आजच्या कवीच्या समग्र कवितेवर बोलाल का? मनोहररावांनी रुपराव गजभिये हे नाव सुचवलं. कामठीच्या एका प्राथमिक शाळेतले हे मास्तर. तीन संग्रह नावावर, पण धड एक परीक्षण कुणी लिहिलेलं नव्हतं. मनोहररावांनी त्यांना एका संमेलनात लांबून पाहिलं होतं. सावळा, वाळका माणूस, मागच्या रांगेत चपला मांडीखाली घेऊन बसलेला. नियमाप्रमाणे ते बोलायला गेले नाहीत.

तिन्ही संग्रह त्यांनी महिनाभर वाचले. खरोखर वाचले, त्यात त्यांना नाव ठेवायला जागा नाही. पहिला ‘कन्हानकाठची धूळ’. धम्मदीक्षेच्या दिवशी बापाबरोबर पायी नागपूरला आलेल्या तरण्या मुलाची ती कविता. मोठ्या आवाजाची, उद्गारचिन्हांची, पण उसनं काही नसलेली. दुसरा ‘उंबऱ्यावरची चप्पल’. इथे आवाज खाली आला होता. बाप वारला होता आणि कवी एवढंच म्हणत होता:

बाप गेला.
चप्पल अजून
रोज सकाळी बाहेर पडते.

या तीन ओळींवर मनोहररावांनी दोन पानं लिहिली. मग तिसरा, ‘बाजेवरचा उजेड’. यात कवीनं पुस्तकी मराठी सोडून घरची बोली धरली होती. मनोहररावांना ते पटलं नाही. बोलीत ‘शैथिल्य’ येतं असं त्यांनी समासात लिहून ठेवलं. पण शेवटच्या कवितेनं त्यांना जागीच बसवलं.

खिडकी उघडी हाये
पानी भरलं हाये
चूल बोलत नाही.
गोपी मरून राहिली
घरात.

वाचून त्यांच्या अंगावर काटा आला. मेली, आणि तरी घरात राहिली! चपलेत राहिलेल्या बापाच्या पुढची ही पायरी होती. आता वस्तूसुद्धा नको, मेलेलं माणूस स्वतःच राहतं. ‘मरणे’ आणि ‘राहणे’ ही एकमेकांना छेदणारी दोन क्रियापदं शेजारी ठेवून कवीनं मृत्यूचा पराभव केला आहे, असं त्यांनी लिहिलं. आयुष्यात लिहिलेला सर्वांत चांगला परिच्छेद तो हाच, हे लिहितानाच त्यांना कळलं होतं. अर्पणपत्रिकेत ‘गोपिकेस’ असं होतं. तेव्हा ही कवीची दिवंगत पत्नी, हे उघडच होतं.

रेडिओवर जायच्या आदल्या दिवशी त्यांनी लेख प्रेमिलाला वाचून दाखवला. ती मेथी निवडत होती. कविता संपली तेव्हा तिचा हात थांबला.

“अजी, मंग तिले दवाखान्यात नाही नेलं का?”

“कुणाला?”

“त्या गोपीले. मरून राहिली म्हणते ना तो.”

मनोहरराव हसले. “प्रेमिला, ही कविता आहे. केसपेपर नव्हे.”

“मले काय समजते?” असं म्हणून ती पुन्हा मेथीकडे वळली, आणि ते पुढचा परिच्छेद वाचू लागले.

भाषण झकास झालं. आवाज त्यांचा मुळातच भारदस्त. दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्राचार्यांनी पाठ थोपटली. महालातल्या एका मासिकाच्या संपादकांनी निरोप पाठवला की लेख आम्हालाच द्या, एप्रिलच्या अंकात घेतो. मनोहरराव चार-पाच दिवस हवेत होते.

पाचव्या-सहाव्या दिवशी दुपारी स्टाफरूमच्या दाराशी रुपराव गजभिये येऊन उभे राहिले. शाळेतून थेट आले असावेत; सदऱ्याच्या बाहीला खडू होता. मनोहररावांनी उठून हात पुढे केला. लेख लिहून झाला होता, आता भेटायला हरकत नव्हती.

“सर, तुमचं भाषण आयकलं,” रुपराव म्हणाले. “आमच्या मोहल्ल्यात सगळ्यायनंच आयकलं. मीच सांगून ठेवलं होतं सगळ्याले.”

“कसं वाटलं?”

रुपरावांनी बाहीवरचा खडू झटकला. “पयल्या दोन पुस्तकांवर तं तुमी असं बोलले का मले रडू आलं, सर. पन माही बायको जित्ती हाये.”

मनोहररावांना आधी वाक्यच कळलं नाही.

“पोटात गाठ हाये तिच्या. मेडिकलच्या डाक्टरायनं घरी नेऊन ठेवा म्हणून सांगतलं. बाजेवरच असते. ते मरून राहिली म्हणून म्या लिहिलं. मरून राहिली, सर. मेली नाही.”

आणि मग त्या मास्तरांनी, तक्रार नाही, आरडाओरड नाही, घडलेलं जसंच्या तसं सांगितलं. भाषण लागलं तेव्हा ट्रान्झिस्टर बाजेच्या उशाशीच होता. अंगणात शेजारपाजारचे जमले होते. ‘कवीची दिवंगत पत्नी’ हे शब्द आले तसं कुणीच कुणाकडे बघेना. गोपिकानंच हात लांब करून आवाज वाढवला. तिला पुढचं ऐकायचं होतं. खरा घोळ दुसऱ्या दिवशी झाला. तिचा भाऊ गोविंदा पवनीला असतो. त्यानंही रेडिओ ऐकला. बहिणीला बरं नाही हे माहीत होतं, रेडिओ खोटं कशाला सांगेल? सकाळच्या पहिल्या गाडीनं तो पाच-सहा नातेवाईक घेऊन आला, आणि रीतीप्रमाणे मेलेल्या बहिणीच्या अंगावर घालायचं माहेरचं लुगडं घेऊन आला. मोहल्ल्याच्या तोंडापासून रडत आला. आत बघतो तर बहीण उशीला टेकून पेज पिते आहे.

“मंग?” मनोहररावांच्या तोंडून निघालं, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

“मंग काय. म्हातारे म्हणाले, खोटी खबर निघाली म्हंजे आयुष्य वाढते. आमी तसं काही मानत नाही. पन गोविंदा लय शरमला. लुगडं वापस नेता येत नाही ना. तिनंच म्हटलं, ठेव पेटीत.”

रुपराव उठले. जाताना म्हणाले, “तिनं तुमाले बोलावलं हाये. जमन तवा या.”

दुसऱ्याच दिवशी मनोहरराव कामठीच्या बसमध्ये बसले. वाटभर ते स्वतःशी वाक्य जुळवत होते. ‘माझ्याकडून एक अक्षम्य प्रमाद घडला.’ ‘प्रमाद’ जड वाटला, ‘चूक’ हलकी वाटली. पोचेपर्यंत वाक्य जुळलं नाही.

घर एका खोलीचं, पुढे टिनाची पडवी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या खाली पुस्तकांची फळी. खिडकी उघडी होती. माठ भरलेला होता. चूल गार होती. मनोहररावांनी हे सगळं एकेक करून पाहिलं. कवितेत काहीएक जास्तीचं नव्हतं. मास्तरांनी जे समोर होतं तेच एकेका ओळीत लिहिलं होतं, आणि त्यातली बाजेवरची बाई त्यांच्याकडे बघत होती.

“या, सर,” गोपिका म्हणाली. आवाज बारीक, पण डोळे चांगले लख्ख. “तुमीच का मले मारलं ते?”

मनोहररावांना कुठे तोंड लपवावं कळेना. ती मात्र हसली. हसताना पोटावर हात दाबून धरला.

“बसा. घाबरू नका. मेल्यावर लोक काय म्हणतात ते कोनाले आइकायले भेटत नाही. मले भेटलं. तुमी लय चांगलं बोलले माह्याबद्दल. यायनं बी,” तिनं नवऱ्याकडे बोट केलं, “इतकं चांगलं कदी म्हटलं नाही.”

“बाई, माझं फार चुकलं. मी त्या ओळीचा अर्थ…”

“कोनत्या गावचे जी तुमी?”

“काटोलजवळचा. आता पंचवीस वर्षं नागपुरातच आहे.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच त्यांना जड गेलं. “काटोलचे? मंग तुमाले काहून नाही समजलं?”

तिला काय पुण्याच्या खाणावळीतलं टेबल सांगणार? मनोहररावांना आई आठवली. तीही अशीच म्हणे, भाकर करून राहिली, पानी भरून राहिली. शेवटच्या दुखण्यात थोरल्या भावानं पत्र पाठवलं होतं, ‘माय मरून राहिली, ये.’ ते तेव्हा बरोबर समजलं होतं. रातोरात निघाले होते ते. मग मधे हे झालं तरी काय? त्यांना स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

“हे छापून येनार हाये ना?” गोपिकानं विचारलं.

“हो. एप्रिलच्या अंकात.”

“त्यात मले जित्ती ठेवजा. मी हाये म्हणून लिहा. मरून राहिली हे खरं हाये, ते बी लिहा. पन हाये.” ती थांबून श्वास घेऊन म्हणाली, “आन एक पुस्तक माह्या भावाले पाठवजा. लुगडं घेऊन आला बिचारा, सगळे हासले त्याले. छापलेलं वाचन तं त्याले बरं वाटन.”

“पाठवतो. नक्की पाठवतो.”

आता इथे हे सांगायलाच हवं की काम एका संध्याकाळचं होतं. तो परिच्छेद काढायचा, दोन सरळ ओळी घालायच्या, संपादकाकडे द्यायचं. पण मनोहररावांचा हात चालेना. तो परिच्छेद काढला की सगळा लेख कोसळायचा. चपलेपासून निघालेली वाट कुठेच पोचायची नाही. संपादकही म्हणाले, “सर, लेखाचा जीवच तो आहे. अहो, कवीला काय अभिप्रेत होतं याच्याशी आपल्याला काय? पानावर जे आहे ते आहे.” स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणसाला कसं वाटतं ते मनोहररावांना त्या दिवशी कळलं. तरी ते लेख घेऊन घरी आले आणि दोन्ही अर्थ एकत्र नांदवता येतात का ते बघू लागले. लिही, फाड, लिही, फाड. यात एप्रिलचा अंक निघून गेला.

“अजी, ती बाई वाट पाहून राहिली असन,” प्रेमिला एकदा म्हणाली. त्या दिवशी त्यांनी तिचं मराठी दुरुस्त केलं नाही. परिच्छेद खोडला आणि लिहिलं: ‘या ओळीचा अर्थ मी आधी चुकीचा लावला होता. आमच्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीत “मरून राहिली” म्हणजे मरत आहे. गोपिकाबाई आज हयात आहेत.’ ‘आमच्या’ हा शब्द लिहिताना हात जरा अडखळला, पण तो त्यांनी ठेवला.

मेचा अंक आला तो ऐन उन्हात. छापखान्यातून प्रती हातात पडताच त्यांनी पहिली पवनीला, गोविंदाच्या पत्त्यावर टाकली. कामठीची प्रत स्वतःच न्यायची होती, पण विद्यापीठाच्या पेपरतपासणीत तीन-चार दिवस गेले. रविवारी सकाळी ते निघाले. अंक पिशवीत होता, पान दुमडून ठेवलेलं.

पडवीत दहा-बारा माणसं जमिनीवर बसली होती. बाज अंगणात काढून भिंतीला उभी केली होती. मनोहररावांना काही विचारावं लागलं नाही.

“काल पहाटे,” रुपराव म्हणाले. त्यांचा आवाज घासून गेला होता. “उन्हाळ्याचं ठेवता येत नाही, सर. दुपारपर्यंत गोविंदाची वाट पायली. पवनीच्या गाडीवर एका मानसाच्या हातून निरोप धाडला होता. त्यानं घरी जाऊन सांगतलं बी असन. पन नाही आला. मंग नेलं संध्याकाळी. लुगडं तं मागंच येऊन होतं. तेच घातलं.”

“का नाही आले?”

रुपरावांनी मान हलवली. त्यांना माहीत नव्हतं. मनोहररावांनी पिशवी मांडीखाली सारली. अंक काढून आता कुणाला दाखवणार?

ते बसून राहिले. ऊन चढलं. कुणीतरी गुळाचा चहा दिला, तो त्यांनी घेतला. आणि मग मोहल्ल्याच्या तोंडाशी गोविंदा दिसला. एकटाच होता. या वेळी तो रडत येत नव्हता. उंबऱ्यापाशी आला, उभ्या केलेल्या बाजेकडे बघितलं आणि बघतच राहिला. त्याच्या हातात मासिकाचा अंक होता.

रुपरावांनी सांगितलं, “हेच ते ढोबळे सर.”

गोविंदा समोर येऊन बसला. चाळिशीचा, रापलेला शेतकरी गडी. त्यानं अंक उघडला आणि दुमडलेल्या पानावर बोट ठेवलं.

“सर, हे तुमीच लिहिलं ना?”

“हो.”

“परवा आलं टपालानं. घरात सगळ्याले वाचून दाखोलं. काल तो मानूस निरोप घेऊन आला तं मी त्याले हासलो. म्हटलं, मागच्या बारीले फसलो, आता नाही फसत. हे पाय, छापून आलं हाये. ती आज हाये म्हणून लिहिलं हाये.” बोट ‘आज’ या शब्दावर थांबलं. “मी ‘आज’ म्हंजे आजच समजलो, सर. सांजेले तोच मानूस दुसऱ्या खेपेले आला तवा खरं वाटलं. तवरिक गाडी गेली होती.”

मनोहररावांनी तो शब्द पाहिला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे शब्द पारखले होते. एक जास्तीचा दिसला की तांबडी रेघ. हा त्यांचा स्वतःचा होता, दोन अक्षरी, आणि तो लिहिताना त्यांना जरासुद्धा थांबावंसं वाटलं नव्हतं. आधी जिवंत बाईला त्यांनी मारलं, मग मेलेलीला जिवंत ठेवलं, आणि दोन्ही वेळा या माणसानं त्यांच्यावर विश्वास टाकला.

“चुकलं गा माह्यं,” ते म्हणाले. वाक्य जुळवावं लागलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अख्खं वाक्य घरच्या बोलीत तोंडातून आलं, आणि त्याचा काहीही उपयोग नव्हता.

गोविंदानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो उठला, अंक त्यांच्याच मांडीवर ठेवला, आणि भिंतीशी जाऊन बाजेच्या सुतळीला हात लावून उभा राहिला. त्याची पाठ हलू लागली.

आतून कुणा म्हाताऱ्या बाईनं विचारलं, “गोविंदा आला म्हणे. काय करून राहिला वं तो?”

दाराशी बसलेल्या पोरीनं मागे वळून सांगितलं, “रडून राहिला.”

मनोहररावांनी मान खाली घातली. या वेळी त्यांना अर्थ लावावा लागला नाही.